देवजीची गुरुवारची खोली

जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात क्रेन चालवणाऱ्या देवजीने दारू सोडली आणि तिच्याबरोबर त्याचं गावही सुटलं. म्हणजे राहायला तो गावातच. पण हळदीच्या रात्री बाटल्या फुटत असताना न पिणारा माणूस म्हणजे पंगतीत उपास धरून बसलेला. त्याच्या शेजारी कुणाच्या घशाखाली घोट उतरेना. दोस्तांनी बोलावणं बंद केलं. बायको आधीच माहेरी गेली होती, ती काही परतली नाही. सोडून मिळवलं काय, असा प्रश्न त्यालाही पडे.

मिळाली होती ती गुरुवारची खोली. सरकारी अनुदानावर यार्डातल्याच एका खोलीत दर गुरुवारी व्यसनमुक्ती केंद्र चालायचं. नेरूळहून राजश्री मॅडम यायच्या आणि बहुतेक वेळा समोर एकटा देवजी असायचा. आठवडाभर कुणाशी न बोललेलं तो तिथे बोलायचा. मग घरी जाऊन एकट्यापुरता भात शिजवायचं बळ यायचं.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "पाहणीला सरकारी साहेब येताहेत. गरज असलेली माणसं दिसली तरच पैसे चालू राहतील."

देवजीने मान खाली घालून दोस्तांची दारं ठोठावली. "माझ्यासाठी या रं," एवढंच म्हणाला. तिथे काय बोलायचं ते सांगायला मात्र जीभ रेटेना.

आणि सगळे आले की! इस्त्रीचे कपडे, नीट पाडलेला भांग, जणू सोयरीक जमवायलाच निघालेत. देवजीचा ऊर भरून आला.

साहेबांनी विचारलं, "दारूचा त्रास कोणाला आहे?"

देवजीचा बालपणीचा दोस्त जानू ताडकन उठला. "नाय साहेब. आमच्यात कोन पन पीत नाय. आन ह्या देवजीचं कोनी काय सांगितलं आसंल तं खोटं हाय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. परक्या साहेबासमोर आपल्या माणसाची अब्रू झाकायची, एवढंच त्या भल्या माणसांना ठाऊक.

देवजी कसाबसा उभा राहिला. "साहेब, मी प्यायचो. आजपन जीव तुटतो. ही खोली हाय म्हनून..."

जानूने त्याला दंडाला धरून बसवलं. "मस्करी करतो, साहेब!"

सगळे हसले. साहेबही हसले. इथे केंद्राची गरज दिसत नाही, असं मॅडमना सांगून ते गाडीत बसले.

बाहेर जानूने पाठीवर थाप मारली. "वाचवला तुला! क्रेनवाला पितो कललं आसतं तं नोकरी गेली आसती. बरं, शनवारी पुतनीची हळद हाय. येशील ना?"

किती वर्षांनी कुणी बोलावत होतं. मागे मॅडम खोलीला कुलूप लावत होत्या.

"येतो," देवजी म्हणाला.