माझ्या मोबाइलचा निरोप समारंभ

पुण्यात सत्कार कुणाचाही होऊ शकतो, हे इथे आल्यावर मला महिनाभरातच कळलं. पण इस्त्रीचा सत्कार करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि नशिबाने त्यांच्याच घरात मी भाड्याने राहतो. बिबवेवाडीतल्या आमच्या घरमालक काकांकडे कुठलीही वस्तू बिघडत नाही, मोडत नाही, भंगारात तर मुळीच जात नाही. ती सेवानिवृत्त होते. काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, त्यामुळे वस्तूकडून काम किती घ्यायचं आणि तिला मोकळं कधी करायचं, याचे त्यांचे नियम पक्के. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, चार शब्द. आणि पुढे झेपेल असं हलकं काम. जुन्या मिक्सरच्या भांड्यात आता पुदिना वाढतो. टेबलफॅनच्या जाळीवर काकूंचे पापड वाळतात. इस्त्री दारापाशी बसून असते, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. तिच्या समारंभाला प्रमुख पाहुणा होता कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. बोलायची पाळी आली तेव्हा तो बिचारा घामाघूम होऊन म्हणाला, "स्वभावाने शांत होती. कधी कुणाला चटका दिला नाही." काका खूश. आतून काकूंचा आवाज आला, "मला दिलाय."

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली, आता मार्केट यार्डात मसाल्याच्या गाळ्यावर पोती उतरवतो. मला जन्मात कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं. काकांनी पहिल्याच दिवशी म्हटलं, "अहो गोंदियाकर, चपला रांगेत काढा." त्यांचं रागावणंसुद्धा अहो-जाहोतलं. एकदा मी तापाने पडलो होतो, तर स्वतः पेजेचं पातेलं घेऊन खोलीत आले आणि समोर बसून राहिले. म्हणाले, "संपवा. मी तुमच्यासाठी बसलेलो नाही, पातेलं आमचं आहे." असा माणूस परगावात भेटणं म्हणजे काय, हे घर सोडून आलेल्यालाच कळेल.

तर माझा मोबाइल. पुण्याला निघताना मायने घरची बकरी विकून तो घेऊन दिला होता. काच तडकलेली, आणि चार्जिंगला लावला की त्याच्यावर तांदळाचा डबा ठेवावा लागे. डबा हलला की चार्जिंग बंद. कधी मान टाकेल याचा नेम नाही, म्हणून मी दिवसभर खिसा चाचपत असायचो. मागच्या महिन्यात तो दोन दिवस उठलाच नाही. शेवटी मायने कुठून कुठून नंबर काढून थेट गाळ्याच्या मालकांना फोन केला, "पोरगं बरं आहे नं जी माझं?" मालक हसले, पण मला रात्री जेवण गेलं नाही. नवा घ्यायला पाहिजे हे मलाही कळत होतं. पण तिने बकरी विकून दिलेली वस्तू मी बाजूला टाकली हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

काकांना हे सांगितलं तर ते उखडलेच. "टाकायचा कशाला? निवृत्त करायचा. आईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवा."

"काका, ती गोंदियाला आहे."

"मग नवा फोन कशासाठी घेताय?"

दुकानातही तेच सोबत आले. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "हा किती वर्षं नोकरी करेल?"

"चार-पाच वर्षं आरामात काका."

"आरामात नको. काम करायचंय त्याला." ती म्हणाली, जुना एक्स्चेंजमध्ये द्या, डिस्काउंट मिळेल. काकांनी चष्मा पुसला. "तुमचे आजोबा दिलेत तेव्हा किती मिळाला?" त्या मुलीने पुढे आमच्याशी फक्त बिलापुरतं बोलणं ठेवलं.

रविवारी संध्याकाळी काकांच्या हॉलमध्ये समारंभ झाला. पाटावर माझा जुना मोबाइल, अंगावर शाल म्हणून काकांचा कडक इस्त्रीचा रुमाल, शेजारी नारळ. नव्या मोबाइलवर व्हिडिओ कॉलमध्ये माय. तिकडे गावात शेजारच्या पोरीच्या मोबाइलपुढे ती डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मला बोलायला उभं केलं. शाळेतही कधी उभा राहिलो नव्हतो मी बोलायला. कसंबसं म्हणालो, "हा मायने दिला. हा होता म्हणून मी इथे एकटा पडलो नाही. माय, तू रागावू नको."

माय म्हणाली, "काऊन रागावू रे? बकरी म्या तुह्यासंगं बोल्यासाठी इकली, तो डबडा सांभाळासाठी थोडीच इकली! आता तं तुहं तोंडबी दिसते मले. वाळला किती रे!"

छातीवरचं पोतं कुणीतरी अलगद उतरवून घेतल्यासारखं झालं.

मग ती काकांकडे वळली. "भाऊ, लय मस्त केलं जी तुमी. तुमी रिटायर झाले तवा तुमचाबी असाच मोठा कार्यक्रम झाला असन?"

काकांनी पाटावरच्या रुमालाची घडी सारखी केली. मग म्हणाले, "आवाज नीट येत नाही तुमचा." आणि मोबाइल उचलून बाल्कनीत गेले.

आवाज तर स्वच्छ येत होता. काकू पाटावरचं सामान आवरता आवरता हळूच म्हणाल्या, "लॉकडाऊनमध्ये रिटायर झाले ते. ऑफिस रिकामं. कपाटाच्या किल्ल्या वॉचमनकडे देऊन घरी आले, आणि म्हणाले, चहा टाक. त्यावर कधी एक शब्द नाही बघा."

बाल्कनीचं दार अर्धवट उघडं होतं. काका माझ्या मायला त्यांचं ऑफिस सांगत होते. टेबल कुठल्या खिडकीपाशी होतं, दुपारी डबा कोणाबरोबर खायचे, शेवटच्या दिवशी कोणता शर्ट घालून गेले होते. आत काकू हातातला नारळ तसाच धरून ऐकत उभ्या होत्या. नवा मोबाइल पहिल्या दिवशी मला मिळाला तो चार्जिंग संपत आल्यावरच.

दुसऱ्या दिवशी मायने फोन केला. म्हणाली, "मोबाइल कानाले लावूनच बोलत होते रे ते. मले सारा वेळ त्यायचा कानच दिसला. पण म्या काही सांगतलं नाही. म्हटलं, बोलू दे."