देवासमध्ये माझं नाव सुमन होतं

माझ्या एका आठवणीला घरात कुणीच वाली नाही. मी चारेक वर्षांची, घर अनोळखी, अंगात कोरा फ्रॉक. भोवती सगळे रडतायत, मी पेढा खातेय आणि एक बाई मला "सुमन" म्हणतेय. माझं नाव माधवी. आईला विचारलं की ठरलेलं उत्तर, "स्वप्न पडलं असेल." नवऱ्याच्या मते हा माझा मागचा जन्म. त्यातही मी खातच होते, हे त्याला फार पटतं.

या हिवाळ्यात धारच्या आत्याने बोलावलं आणि मी निघाले. पुण्याहून इंदूरला स्लीपर बस. खिडकीकडची बर्थ घ्या, म्हणजे घोरणारे एकाच बाजूला राहतात. सकाळी पोहे-जिलबी खाऊन धारची बस, भाडं पुण्यातल्या कॉफीपेक्षा कमी. वाटेत पीथमपूरचा फाटा लागतो. बाबा तिथे कारखान्यात होते. आम्ही तिघी बहिणी तिथल्याच. बाबा आता नाहीत.

धारचा किल्ला ऐसपैस, लाल दगडाचा. भिंतींवर इतिहासापेक्षा प्रेमवीरांची नावं जास्त. घरी दाल-बाफले खाताना मी विचारलं, "आत्या, सुमन कोण गं?"

आत्याने माझ्या बाफल्यावर आणखी तूप ओतलं. माळव्यात अवघड प्रश्नाचं हेच उत्तर. मी खात राहिले, विचारत राहिले. शेवटी ती म्हणाली, "देवासच्या काकूकडे जा. मी सांगितलं म्हणू नकोस."

ही काकू म्हणजे बाबांच्या चुलतभावाची बायको. आमचं जाणं-येणं का नाही, हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

देवासला जायला परत इंदूरला बस बदलावी लागते. उतरताच रिक्षावाला म्हणाला, "टेकरी चलोगे, दीदी? रोपवे चालू है." सगळे टेकरीवरच्या देवीला जातात. मी पायथ्याच्या गल्लीत गेले.

दार उघडणाऱ्या म्हातारीने मला नीट पाहिलं. "सुमन, आलीस? धारहून फोन आला होता." गुपित राखावं तर आत्यानेच.

"आम्हाला मूलबाळ नव्हतं," काकू म्हणाली. "मुलगीच हवी, असं इकडून म्हणणं पडलं." इकडून म्हणजे काका; त्यांना जाऊन वर्षं झाली, तरी ती नाव घेत नाही. "तुझ्या बाबांकडे तुला मागितलं. दत्तकविधी झाला, नाव ठेवलं, पेढे वाटले. बाबा निघाले. आणि संध्याकाळी परत दारात! आत येईनात. म्हणाले, वहिनी, इंदूरच्या पुढे जाववेना."

"मग?"

"मग काय! मीच तुला उचलून त्यांच्या हातात दिली. इकडून भोत रडणं झालं, मी रडले, तुझे बाबा रडले. तू तेवढी मजेत होतीस."

"नंतर दुसरं कुणी नाही घेतलंत?"

"हिंमत नाही झाली गं."

तिसरी मुलगी म्हणून नकोशी झाले असेन, असा राग मी ऐकता ऐकता तयार करत होते. पण दोन्ही घरांतून मागणी असलेल्या माणसाने रागवायचं कुणावर? काकूने वाढलेलं सगळं मी संपवलं. निघताना तिने "माधवी" म्हणायचा प्रयत्न केला, पण नाव तिच्या तोंडात बसेना. म्हटलं, "सुमनच म्हण."

पुण्यात आल्यावर आईला सांगितलं, "देवासला जाऊन आले."

या वेळी स्वप्नाचं नाव निघालं नाही. तिने विचारलं, "कशी आहे ती? राग धरलाय अजून?"

"नाही. पोटभर जेवायला घातलं."

"घालणारच," आई म्हणाली. "म्हणून तर कधी पाठवलं नाही तुला. म्हटलं, तिथेच रमलीस तर?"