झाकणावरचं नाव

दंत महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत जंतूंची प्रयोगशाळा होती आणि त्या प्रयोगशाळेत मावशी होती. सगळ्यांची मावशी. ज्यांच्या आईला सख्खी बहीण नव्हती, त्यांचीसुद्धा. कागदोपत्री तिचं पद मदतनीस. कोण कुणाला मदत करतंय हे कागदाला कधी कळलं नाही. तेवीस वर्षं ती काचेच्या नळ्या घासत होती, वापरलेले जंतू वाफेच्या भांड्यात उकडून मारत होती आणि जंतू वाढवायची गरम जेली, म्हणजे आगर, काचेच्या प्लेटांत असं ओतत होती की थिजल्यावर वर एक बुडबुडा दिसू नये. नवशिके डॉक्टर यायचे, तीन वर्षांत तज्ज्ञ होऊन जायचे. त्यांना प्लेट धरायला शिकवणारी मात्र तिथेच राहायची.

तिचे दोन नियम होते आणि त्यांपायी तिने भल्याभल्यांना झापलं होतं. प्लेटवर नाव लिहायचं ते बुडावर, झाकणावर नाही. झाकण काय, ते कुणाच्याही डोक्यावर बसतं, असं ती म्हणायची. आणि एका वेळी एकच प्लेट उघडायची.

धाकटा भाऊ तिच्याच घरी राहायचा. लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. गल्ली त्याला फुंक्या म्हणायची आणि त्यालाही दुसरं नाव आठवत नसावं. कारखान्याचं उद्घाटन असो, शाळेच्या शर्यती असोत, वरची पट्टी फुंक्याचीच. बँडमास्तर म्हणायचा, बाकीचे हवा भरतात, हा सूर भरतो.

लहानपणी सायकलवरून पडून त्याचा वरचा पुढचा दात मेला होता. रूट कॅनाल करून तो तीस वर्षं टिकला. मग दुखायला लागला. नाक्यावरच्या दातवाल्याने तो पुन्हा कोरायला घेतला आणि सुई आडवी घालून मुळाच्या कुशीलाच भोक पाडून ठेवलं. वर म्हणाला, दातच कमजोर होता. दोनदा ते भोक बुजवलं, दोनदा हिरडी सुजली. शेवटी मावशीने भावाला आपल्या कॉलेजात आणलं. मुळातला नमुना काढून वाढवला तेव्हा नेहमीच्या जंतूंबरोबर बुरशीही निघाली. फुंक्यासारख्या साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या तोंडात ती सुखाने नांदते.

दुसऱ्या कुणाचा दात असता तर उपटून नकली बसवला असता. पण ट्रम्पेटचं पितळ ओठावर टेकतं आणि ओठ त्या दातांवर. ओठामागचा दात गेला की ओठ आत जातो, हवा फुटते, सूर गळतो. तो दात म्हणजेच फुंक्याचं वाजवणं होतं.

त्याच्यावर उपचार करणारी शिकाऊ डॉक्टरीण नेमका याच विषयावर प्रबंध लिहीत होती: मुळाची भोकं बुजवायच्या सिमेंटांपैकी कुठलं बुरशीला जास्त मारतं. रोग्यांच्या दातांतून काढलेली बुरशी प्लेटवर पसरायची, आगरमध्ये तीन खड्डे पाडून तिन्हींत एकच सिमेंट भरायचं, दुसऱ्या सिमेंटासाठी दुसरी प्लेट, आणि दोन दिवस उबेच्या कपाटात ठेवायचं. सिमेंट बुरशीला मारत असेल तर खड्ड्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. जितकं रुंद कडं, तितकं जोरदार सिमेंट. तिच्याकडे दोन होती, एक जुन्या प्रकारचं, एक नवं. दोन्ही पांढरी. घट्ट झाल्यावर कुठलं कुठलं, हे देवालाही सांगता आलं नसतं. फुंक्याची बुरशी होती नमुना नंबर चौदा.

डॉक्टरीण मावशीला म्हणाली की चौदा नंबरमध्ये ज्याचं कडं मोठं येईल तेच मी तुमच्या भावाच्या दातात भरते. तिचे सर कुरकुरले. प्लेट म्हणजे तोंड नव्हे, तोंडात लाळ असते, रक्त असतं, हाड असतं, असं त्यांनी ऐकवलं. पण दवाखान्यात दोन्ही सिमेंटं चालत होती, त्यामुळे त्यांनीही पुढे ताणलं नाही.

त्या दिवशी डॉक्टरिणीला वरून तीनदा बोलावणं आलं आणि घाईत तिने नमुन्यांचे नंबर आणि सिमेंटांची नावं झाकणांवर लिहिली. मावशीने ते पाहिलं. एरवी तिने तोंडाचा पट्टा सोडला असता. पण ही पोरगी आपल्या भावासाठी राबतेय, हिला आज कसं बोलायचं, म्हणून ती गप्प बसली.

दोन दिवसांनी सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. कपाट उघडलं तर चौदा नंबरच्या दोन्ही प्लेटांची झाकणं आतून घामेजलेली, काही दिसेना. बूड वर करून पाहिलं असतं तरी कळलं असतं. तेवीस वर्षं ती तसंच पाहत आली होती. पण तिला धीर नव्हता. तिने दोन्ही प्लेटा टेबलावर ठेवल्या आणि दोन्ही झाकणं एकदम उचलली. एका प्लेटमध्ये कडी जेमतेम धाग्याएवढी, दुसरीत चांगली अंगठ्याच्या नखाएवढी रुंद, आतलं आगर लख्ख. तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही झाकणं आतून कापसाने कोरडी केली आणि परत बसवली. कुठलं कुठे, हा प्रश्नच तिला त्या क्षणी पडला नाही.

डॉक्टरिणीने पट्टीने मोजलं. नवं सिमेंट जिंकलं. त्याच आठवड्यात ते फुंक्याच्या मुळात बसलं. तो म्हणाला, माझ्याच बुरशीने माझ्यासाठी कौल दिला, आता काय हवं.

दीड महिन्याने प्रयोगाची दुसरी फेरी झाली. चौदा नंबरमध्ये रुंद कडं आलं ते जुन्या सिमेंटभोवती. तिसऱ्या फेरीतही तेच. डॉक्टरीण डोकं खाजवत म्हणाली की पहिल्या वेळी पावडर दमट झाली असावी, ती फेरी काढूनच टाकते, आणि भावाचा दात शांत आहे तोवर तो उगाच उकरत नाही. मावशी मोरीपाशी नळ्या घासत होती. तिचा हात थांबला. त्या सकाळी टेबलावर तिने शेजारी शेजारी काढून ठेवलेली दोन झाकणं तिच्या डोळ्यांपुढे आली.

त्याच सुमारास फुंक्याच्या हिरडीवर पुन्हा पुटकुळी आली होती. दाबली की पू यायचा. तो ती रुमालाने टिपून वाजवायला जायचा, डॉक्टरिणीला कळवायचा नाही.

बोलायचं होतं ते लगेच बोलायला हवं होतं. भरलेलं सिमेंट काढून दुसरं घालायला कदाचित वेळ होता. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब मारायची कुणाच्या नावाने? झाकणावर नाव लिहिलं म्हणून जिने पोरींना रडवलं, तिनेच दोन प्लेटा एकदम उघडल्या, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? रोज ती ठरवून जायची आणि रोज नळ्या घासून परत यायची. असे आठ दिवस गेले. मोठ्या पदावरच्या माणसांच्या चुका अहवालात गडप होतात. हिच्यासारख्या बाईजवळ नावाशिवाय काही नसतं, म्हणून ती नावालाच चिकटून बसते.

नवव्या दिवशी तिने सांगितलं. डॉक्टरीण तिच्यावर ओरडली नाही. नावं मीच झाकणांवर लिहिली होती, मावशी, एवढंच म्हणाली आणि फुंक्याला बोलावून दाताचा एक्स-रे काढला. मुळाभोवतीचं हाड काळं पडून विरलं होतं आणि मूळ उभं तडकलं होतं. दात काढावा लागला.

"आठ दिवस आधी कळलं असतं तर?" मावशीने विचारलं.

"तरीही नसता वाचला," डॉक्टरीण म्हणाली.

हे शास्त्र होतं की दया, हे मावशीला ओळखता आलं नाही. बारीकसा बुडबुडा हेरणारे तिचे डोळे तिथे उपयोगी पडले नाहीत.

घरी येऊन तिने भावाला सगळं सांगितलं, झाकणांचं आणि आठ दिवसांचंही. फुंक्या ओठाखाली कापसाचा बोळा धरून बसला होता.

"झाकणांचं चालतं, ताई," तो बोबड्या आवाजात म्हणाला. "माणसाचा हात आहे, चुकतो. पण आठ दिवस तू मला रोज ताट वाढत होतीस."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. प्रबंध छापून आला. त्यात डॉक्टरिणीचं नाव होतं, सरांचं होतं, सरांच्या सरांचं होतं. चौदा नंबर तक्त्यात एका ओळीत होता आणि आकडे बरोबर होते.

नकली दात बसवल्यावर फुंक्याने रोज दुपारी सराव धरला. मधल्या पट्टीपर्यंत सगळं ठीक चालायचं. वर चढताना एका ठरावीक सुरावर ओठ सरकायचा आणि नुसती हवा निघायची. तो पुन्हा खालून सुरुवात करायचा. सुट्टीच्या दिवशी मावशी भिंतीपलीकडे भाजी निवडत बसायची आणि तो सूर जवळ आला की तिचा हात थांबायचा. दोन महिने हे चाललं. मग एका दुपारी तो त्या सुराच्या एक पायरी खालीच थांबला. दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबला. वर जायचा प्रयत्नच त्याने केला नाही. वाजवलं तेवढं स्वच्छ वाजवलं आणि ट्रम्पेट पुसून ठेवला. पलीकडे मावशी देठ हातात धरून त्या सुराची वाट पाहत राहिली.