मनकर्णाबाईची पिन्शन

आमच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात मनकर्णाबाई नावाची दाई होती. अठराव्या वर्षी नवरा गेला, पदरात एक लेक, आणि त्याच साली पालिकेनं तिला कामावर ठेवलं. तेव्हापासून गावात जन्मलेलं जवळजवळ प्रत्येक मूल आधी तिच्या हातात आलं आणि मग आईच्या कुशीत गेलं. बुटकी, खणखणीत आवाजाची बाई. मोठ्यातला मोठा माणूस समोर आला तरी ती त्याला अरेतुरे करायची आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

मी तिथं हेडक्लार्क होतो. मूळचा जऊळक्याचा, म्हणजे परगावचा, त्यामुळे जन्मताना तिच्या हातून सुटलेला. मला ती ‘बाबूलालबाबू’ म्हणायची.

त्या काळी पालिकेत पेन्शन फक्त कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्यांना होती. दाई, झाडूवाल्या, दिवाबत्तीवाले, नाक्यावरचे शिपाई यांना निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि धोतर किंवा लुगडं मिळायचं. सत्तावन्न साली नवी कमिटी निवडून आली आणि अध्यक्ष दौलतरावांनी ठरवलं की पेन्शन सगळ्यांना लागू करायची. नियमांचा मसुदा मीच लिहिला. त्यात एक कलम होतं : वीस वर्षांच्या सलग नोकरीचा लेखी पुरावा हवा. लिहिताना मला ते साधं वाटलं. नंतर कपाट उघडलं तर बाहेरकाम करणाऱ्यांची जुनी हजेरीबुकं वाळवीनं खाऊन टाकलेली. हातात घेतली की भुगा पडायचा.

मनकर्णाबाईला त्याच वर्षी साठ वर्षं पुरी होत होती. तिला सांगताना माझी मान खाली गेली.

“कागद नाई म्हनता?” ती म्हणाली. “बरं. मीटिंग कवा हाये?”

“बुधवारी, दुपारी तीनला. पण बाई, सभेत बाहेरच्यांना...”

“मी कायले बाहेरची? मी येतो.”

बुधवारी ती नवं लुगडं नेसून आली आणि थेट सभागृहात शिरली. शिपाई आडवा झाला, तर म्हणाली, “सरक रे, तू पायाळू होता, तुले मी काहाडला.” शिपाई सरकला.

सभासद चौदा. सगळे दाराकडे वळून बघू लागले.

“दवलत,” ती अध्यक्षांना म्हणाली, “तुले किती वरसं झाले?”

“बेचाळीस,” दौलतराव उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“मंग माह्या नोकरीले किती झाले? तू माहं पयलं बाळंतपन हायेस. निळा पडला होता तू. उलटा धरून पाठीवर तीन थापा देल्ल्या तवा रडला. आता मले इचारता, कागद कुठी हाये!”

सभागृहात हसू फुटलं. जगदेव नावाचे एक सभासद मात्र कायद्याचे पक्के. ते म्हणाले, “बाई, आमचा इश्वास हाये तुह्यावर. पन सरकारले लेखी लागते.”

“तुह्या वक्ती तं मी अंगठा देल्ला होता, जगदेव. मोठ्या चोपडीत.”

ते ऐकलं आणि मी खुर्चीवरून जवळजवळ उडालोच. जन्म-मृत्यूची रजिस्टरं! ती शाळेत नाव घालताना लागतात म्हणून पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली होती, वाळवीला तिथं वाट नव्हती. मी धावत जाऊन एकोणीसशे पंधराचं रजिस्टर आणलं. पान पिवळं पडलेलं, पण नोंद स्पष्ट होती : दौलत, आणि शेवटच्या रकान्यात ‘पालिकेची दाई मनकर्णा’, शेजारी गोल काळा अंगठा. पुढचं पान, पुढचं साल, सगळीकडे तोच अंगठा. सभासद टेबलाभोवती गोळा झाले आणि आपापला जन्म शोधू लागले. “अरे, मी मंगळवारचा!” असं कोणी ओरडलं. जगदेवही हसत होते.

“मनकर्णाबाईची पेन्शन मंजूर,” दौलतराव म्हणाले.

बाई जागची हलली नाही. “आन् लखमाची?”

लखमा दिवाबत्तीवाला. खांद्यावर शिडी आणि हातात घासलेटचा डबा घेऊन त्यानं तीस वर्षं गावातले कंदील लावले होते. त्याचा अंगठा कुठल्याच चोपडीत नव्हता.

“त्याचा कागद नाही ना, बाई,” मी हळूच म्हणालो.

“त्याचा कागद मी हावो. अंधारात कोनाच्या बी घरी गेलो तं रस्त्यात दिवा जयत राहे. तो का आपोआप लागे? त्याले भेटत नसन तं मले बी नोको. दवलत, मले नारळ दे, मी जातो घरी.”

तेव्हा जगदेवांनीच माझ्याकडे वळून सांगितलं, “बाबूलाल, लिहा. जुना कागद नसन तं गावातल्या दोन जानत्या मानसांची सही चालन.”

चौदा हात वर झाले. मनकर्णाबाईनंही केला, तो मी मोजला नाही.

सरकारची मंजुरी यायला आठ महिने लागले, पण आली. साक्षी घेण्याच्या दिवशी कचेरीला जत्रेचं रूप आलं. लखमासाठी दोन सह्या हव्या होत्या, तर एकसष्ट माणसं आली. झाडूवाल्या रूपाबाईसाठी अख्खी गल्ली आली आणि सही आधी कोण करणार यावरून दोन म्हाताऱ्यांत खटका उडाला. मला शाईची दुसरी दौत मागवावी लागली.

निवृत्त झाल्यावर मनकर्णाबाई लेकीकडे कामरगावला गेली. बेचाळीस वर्षांत ती एकही रात्र गावाबाहेर राहिली नव्हती. कोणाचे दिवस कधी भरतील याचा नेम नसायचा. तिला बसमध्ये बसवायला इतकी बायामाणसं जमली की ड्रायव्हरनं विचारलं, नवरी कोणती?

महिन्याभरानं तिचं पोस्टकार्ड आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. “बाबूलालबाबूस नमस्कार. मी खुशाल हाये. रोज दुपारी झोपतो. इथं येऊन तीन बाळंतपनं केली, दोन पोरी, एक पोरगा. त्याच्यापाई पिन्शन बंद तं नाई होत?”

मी ते कार्ड दौलतरावांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी माझ्या हातातून टाक घेतला आणि ‘पेन्शन बंद होत नाही’ असं उत्तर स्वतःच्या हातानं लिहिलं.