चार फ्रॉक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, एकदा माझ्याच कानांनी ऐकायचं असेल.

मी विशेष शिक्षक. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवायचं, ही नोकरी. अमळनेरजवळच्या एका गावात मनीषा होती. नऊ वर्षांची, स्वमग्न. बोलत नसे. दर आठवड्याला जायचं, वहीत नोंद करायची, फोटो चिकटवायचा.

दोन वर्षं मी महिन्यातून एकदाच गेलो. आणि फोटो? तिच्या आईला सांगायचो, चार फ्रॉक काढा. एकाच दुपारी चार फ्रॉक, घरातले चार कोपरे — झाल्या चार भेटी. अंगावरचा कपडा बदललेला या मुलांना सोसत नाही, हे आईला समजावलं कोणी? मीच, मोठ्या शहाणपणानं! मनीषा किंचाळायची, मनगट चावायची. मी म्हणायचो, "ताई, धरा जरा. एकच राहिला."

तपासणीला येणारे साहेब वही चाळून म्हणायचे, "वा! पोरगी टापटीप आहे." मनगट नाही दिसलं कधी. असल्या साहेबाला असलाच मास्तर शोभतो.

मग एक दिवस तिनं भिंतीवर डोकं आपटून रक्त काढलं. धुळ्याला, मनोरुग्ण विभागात नेलं. मीही गेलो — काळजीनं? छे. वही मागवली होती म्हणून.

डॉक्टर मॅडमनी वही पाहिली. "दर आठवड्याला शिक्षक घरी येतात, तरी ही अवस्था? मग घरी पाठवून उपयोग नाही. ठेवून घेऊ. औषध वाढवू."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, सांगा ना त्यास्ले. माले काय समजस?"

तिला सगळं समजत होतं. माझ्या तोंडून यावं, एवढा तिनं माझा मान ठेवला. एकच वाक्य होतं — मी जातच नव्हतो. आणि मी काय म्हणालो? "मॅडम म्हणतात ते बरोबर आहे, ताई."

दीड महिन्यानं मनीषा घरी आली. सुजलेली, तोंडातून लाळ. त्या आठवड्यात मात्र मी गेलो. मला पाहताच ती उठली, पेटी उघडली, आणि फ्रॉक काढून माझ्यापुढे ओळीनं मांडले. चार. दोन वर्षांत मी तिला तेवढंच शिकवलं होतं.

मी मोबाइल काढला. या वेळी ती किंचाळली नाही.