तालिबचं सगळ्यांचं सॉफ्टवेअर

तालिब अत्तारबद्दल मी लिहावं, इतका मी त्याला ओळखत नव्हतो. त्याच्या घरी एकदाही गेलो नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या वाचनालयात तो वर्षानुवर्षं दर शनिवारी यायचा, आणि मी तिथला ग्रंथपाल. एवढ्या ओळखीवर लिहितो आहे.

त्याचे वडील अय्युबभाई घड्याळं दुरुस्त करायचे. तालिब इंजिनिअर झाला आणि नोकरी सांभाळून त्यानं वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. कुणीही फुकट वापरावं, उघडून बघावं, सुधारावं, असं.

"फुकट वाटतोस, मग खाणार काय?" मी विचारलं होतं.

"सर, मी शिकलो तेच लोकांचं फुकटातलं वापरून."

शनिवारी वाचनालय बंद झालं की त्यावर काम करायला पाचसात जण लॅपटॉप घेऊन जमायचे. पडद्यावरचे मराठी शब्द मी सुचवायचो, चहाही माझाच. शेवटी निघेल त्यानं पंखा बंद करायचा, असा रिवाज होता. शेवटी नेहमी तालिबच निघायचा.

पुढे ते सॉफ्टवेअर गावोगावच्या वाचनालयांत गेलं. बाणेरला त्याची कंपनी निघाली, अनिरुद्ध नावाचा भागीदार आला. तालिबचा पेपरात आलेला फोटो मी सूचनाफलकावर लावला. तेव्हा तो म्हणाला, "सर, तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय. पुस्तकांची यादी आमच्या सर्व्हरवर ठेवा. काळजी नको, हे सगळ्यांचंच राहील." मी ठेवली. पुस्तकांची जुनी कार्डं, जुना कॉम्प्युटर, सगळं रद्दीत घातलं.

यंदा ईदला तो शीरखुर्म्याचा डबा घेऊन आला. आम्ही बराच वेळ गप्पा मारल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत यादी उघडेना. पडद्यावर मजकूर होता: कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली आहे, लहान वाचनालयांची सेवा बंद.

शनिवारी तालिब एकटाच आला.

"आमची यादी तेवढी काढून दे," मी म्हणालो.

"माझाच पासवर्ड चालत नाही, सर. अनिरुद्धनं मलाही बाहेर काढलं."

"विकायचं ठरलंय, हे तुला कधी कळलं?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "ईदच्या आधी. वाटलं, तुमच्यासारख्यांचं चालू ठेवायला मी त्यांना राजी करीन."

"म्हणजे डबा आणलास तेव्हा माहीत होतं."

"हो."

"खुर्मा छान झाला होता."

त्यानं माझा कीबोर्ड पुढे ओढला. मग हळूच म्हणाला, "जुनं सॉफ्टवेअर अजून सगळ्यांचंच आहे, सर. ते कुणालाच बंद करता येत नाही. आत्ता बसवून देतो."

त्यानं बसवलं. यादीच्या जागी कोरा पडदा आला. मी पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक काढलं आणि एकेक अक्षर शोधत नाव टाइप करू लागलो. त्यानं खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही नावं वाचा, मी टाकतो."

"नको."

तो उठला. त्या दिवसानंतर तो वाचनालयात कधी आला नाही. हैदराबादला नोकरीला लागला, असं अय्युबभाईंकडून कळलं. त्या दिवशी मात्र दाराशी थांबला आणि सवयीनं त्याचा हात बटणाकडे गेला.

"पंखा बंद करू, सर?"

"राहू दे. मी बसणार आहे अजून."