शनिवारी सांभाळायला दिलेली ओळ

शुक्रवारी सूर्य कलला की रिबकामावशी शिवणयंत्रावर चादर टाकायची, वही-पेन्सिल कपाटात ठेवायची आणि किल्ली कनवटीला लावायची. शनिवार आमचा शब्बाथ. त्या दिवशी आम्ही बेने इस्राएल लोक काम करत नाही, लिहीतही नाही. पण मावशीला गाणी सुचायची ती नेमकी शनिवारीच, यंत्राची खडखड थांबल्यावर. मग ती आम्हा चार मुलांना हाका मारायची.

"फ्लोराबाय, इकडे ये. ही ओळ धर. नीट धर, सांडू नकोस."

एकेकाला एक ओळ. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले, शब्बाथ उतरला, की ती वही उघडायची आणि आम्ही आपापली ओळ परत करायचो. "माझं डोकं म्हणजे चाळण," ती म्हणायची. "दोन ओळी राहतात, तिसरी गळते. तुमची डोकी कोरी आहेत, तेवढाच उपयोग."

ती नात्याने आमची कुणी नव्हती. नाशिकरोडला आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहायची, रेल्वेतल्या लोकांचे कपडे शिवायची. नाशकात आमची मेस्जिद, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नव्हती. दहा पुरुष जमले तर कुणाच्या तरी घरी प्रार्थना होई. प्रार्थना हिब्रूत. पुरुष म्हणत, बायका 'आमेन' म्हणत, आणि अर्थ विचारायची सोय नव्हती. मावशीची गाणी या बायकांसाठी होती, जात्यावरच्या ओवीच्या चालीवर.

"देवाला दोन्ही भाषा येतात," ती म्हणायची. "आपल्याला एकच येते. मग त्याने थोडं आपल्याकडे सरकावं की!" ओळीच्या प्रत्येक अर्ध्यातली अक्षरं ती बोटांवर मोजायची. आठ. "नववं आलं की ओळ काखेत टोचते."

माझं शिक्षण देवळालीच्या इंग्रजी शाळेत. शाळेत मराठी बोलले तर शिक्षा आणि घरी बोलले तर इंग्रजी वळणाचं म्हणून हसू, म्हणून मी दोन्हीकडे गप्प असे. मावशी मात्र मला नेहमी शेवटची ओळ द्यायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

मी बारा वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ बेनी विषमज्वराने आजारी पडला. आईने एलियाहू हन्नाबीला, अग्नीच्या रथातून स्वर्गात गेलेल्या आमच्या संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोलला. ताप उतरल्यावर नवस फेडायचा ठरला आणि मुंबईहून हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे गृहस्थ, येणार असं कळलं. त्यांना प्रार्थनेनंतरची मराठी गाणी पसंत नव्हती. "बायकांनी घरात काय ते म्हणावं," असं ते म्हणाल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मावशी म्हणाली, "एकदा ऐकू देत. मग नाही म्हणाले तर मीही वही मिटेन."

आदल्या शनिवारी तिने आम्हाला ओळी दिल्या. मी माझी घेऊन घरी आले, आणि बेनीच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच खिडकीशी बसून तेल-वेणी करणाऱ्या आईकडे बघत राहिले. संध्याकाळी तारे निघाले तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं.

तिघांनी ओळी परत केल्या. तिसरी होती, 'आग विझवून गेला, देव अंगणी येऊन'. मग मावशीने माझ्याकडे पाहिलं. "विसरले" म्हणायचीही मला लाज वाटली. दुपारभर जे पाहिलं होतं तेच बोटांवर मोजत मी म्हटलं, "आई वेणी घाली आज, केसां तेल गं लावून."

पेन्सिल थांबली. मावशीने ओळ एकदा पुटपुटली, माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतली.

मलिद्याच्या दिवशी ताटात गोड पोहे, खोबरं, फळं सजली. देवळाली, इगतपुरीहून माणसं आली. प्रार्थना संपल्यावर मावशीने बसल्या जागेवरून गाणं म्हटलं. शेवटच्या ओळीला आईने डोळ्यांना पदर लावला, आणि तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघींनी. हजानांनी दाढी कुरवाळत विचारलं,

"ही शेवटची ओळ कुठल्या ग्रंथातली, बाई?"

"ग्रंथातली नाही, हजानसाहेब. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे ना, लाल रिबिनवाली, तिची."

"मग तिलाच म्हणू दे."

सगळी डोकी वळली. मी दाराआड सरकले. मावशी चटकन म्हणाली, "ती लिहिणारी आहे. गायला मी आहे." आणि तिने गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. या वेळी हजानांनी मान डोलावून ठेका धरला. जाताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी दोन म्हणा."

त्यानंतर माझ्या माहितीप्रमाणे ते गाणं तिने पुष्कळ घरांतून म्हटलं. दर वेळी शेवटच्या ओळीआधी थांबून सांगायची, "आता आमच्या फ्लोराबायची ओळ." मी लाजून आत पळत असे. पण आत गेल्यावर दाराला कान लावून ऐकत असे, हेही खरं.

गेल्या वर्षी मावशी गेली. सात दिवसांचा शोक संपला आणि त्यानंतरच्या शनिवारी दुपारी, तिच्या बंद यंत्राजवळ बसले असताना, तिने मला दिलेली ती ओळ आपोआप परत आली. 'रथ अग्नीचा फिरला, माझे लेकरू ठेवून.' एलियाहूचा अग्नीचा रथ दारापर्यंत आला आणि बेनीला न घेता वळला. माझ्या ओळीपेक्षा कितीतरी मोठी ओळ होती. माझी ओळ तिची नाही हे तिने तेव्हाच ओळखलं होतं, म्हणजे मावशीला ती नक्कीच आठवत असणार. तरी तिने ती माझ्यासाठी सोडून दिली, आणि तोंडातून एकदाही काढली नाही.

पेन हाताशी होतं. पण शनिवार होता. माझं डोकं आता कोरं राहिलेलं नाही. मी गॅलरीत गेले आणि खाली उभ्या बेनीला अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "बेनी, वर ये. ही ओळ धर. सांडू नकोस."